उद्या ईद आहे का?

अरबी शिकायला लागून महिना झाला की एक छोटं वाक्य कोणालाही जुळवता येतं: उद्या ईद आहे का? आता कल्पना करा, रमजानचा एकोणतिसावा दिवस आहे, दुपारचे चार वाजलेत आणि तुम्ही कैरोतल्या एका दुकानदाराला हेच विचारताय. व्याकरण चोख, उच्चार स्वच्छ. तरी उत्तर मिळतं: माहीत नाही. त्याला माहीत नाही, शेजारच्या न्हाव्याला माहीत नाही, टीव्हीवरच्या निवेदिकेलाही माहीत नाही. दहा कोटींहून जास्त माणसांचा देश, घरोघरी बिस्किटं भाजून तयार, मुलांचे नवे कपडे इस्त्री करून ठेवलेले. आणि सण उद्या की परवा, हे अधिकृतपणे सांगू शकेल असा एकही माणूस त्या घडीला देशात नाही!

हा गोंधळ नाही. ही व्यवस्थाच अशी आहे, आणि ती चौदाशे वर्षं चालली आहे.

अरबीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सणांचा एक धडा असतो. त्यात सणांची नावं असतात, खाद्यपदार्थांची चित्रं असतात, शुभेच्छांची दोन वाक्यं असतात. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे एखाद्या अरब घरी गेला की पहिल्याच संध्याकाळी चक्रावतो. कारण त्या धड्यात सगळं असतं, फक्त चंद्र नसतो. आणि अरबांच्या बऱ्याचशा सणांची किल्ली चंद्राकडेच आहे.

तेव्हा तिथूनच सुरुवात करू. अमावस्येला चंद्र सूर्याच्या दिशेलाच असतो, म्हणून दिसत नाही. मग तो हळूहळू सूर्यापासून दूर सरकू लागतो. किती हळू? तासाला साधारण स्वतःच्या रुंदीइतका. आकाशातली ती अर्ध्या अंशाची थाळी एका तासात जेमतेम एक थाळी पुढे जाते. सूर्याच्या अगदी जवळ असलेली कोर संधिप्रकाशात बुडून जाते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसायची तर अमावस्येचा क्षण उलटून साधारण पंधरा-सोळा तास तरी जावे लागतात, शिवाय हवा स्वच्छ हवी आणि सूर्य मावळल्यानंतरही चंद्र काही वेळ क्षितिजावर टिकायला हवा. एवढं सगळं जमलं, तर पश्चिमेला नखाएवढी कोर काही मिनिटांसाठी दिसते. ती दिसली की जुना महिना संपला. नाही दिसली, तर महिना तीस दिवसांचा. एकतिसावा दिवस मात्र कधीच नाही.

म्हणून एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळा खेळ. सौदी अरेबियात रियाधच्या उत्तरेला सुदैर भागात निरीक्षक दुर्बिणी लावून बसतात आणि साक्षी सर्वोच्च न्यायालयाकडे जातात. इजिप्तमध्ये 'दार अल-इफ्ता' ही संस्था घोषणा करते. मोरोक्को स्वतःच्या डोळ्यांशिवाय कोणावर विश्वास ठेवत नाही, ओमानचंही बरंचसं तसंच.

इथे एक गंमत आहे. जितकं पश्चिमेला जावं, तितका सूर्यास्त उशिरा. म्हणजे चंद्राला सूर्यापासून दूर सरकायला तितका वेळ जास्त. मुंबईत सूर्य मावळल्यावर रियाधमध्ये तो मावळायला सुमारे पावणेदोन तास लागतात, मोरोक्कोच्या रबातमध्ये पाच तासांहून अधिक. त्यामुळे मुंबईतून न दिसलेली कोर त्याच संध्याकाळी अरबस्तानातून दिसू शकते. भारतात ईद बहुधा सौदीच्या दुसऱ्या दिवशी का येते, याचं मोठं कारण हे. आखातात नोकरीला असलेल्या रत्नागिरीच्या किंवा मडगावच्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक असतं: तो तिकडे ईदचं जेवण जेवतो तेव्हा घरी अजून शेवटचा रोजा चालू असतो. पण मग या हिशोबाने सगळ्यांत पश्चिमेच्या मोरोक्कोला कोर सगळ्यांत आधी दिसायला हवी, नाही का? प्रत्यक्षात मोरोक्कोची ईद पुष्कळदा सौदीच्या एक दिवस नंतर येते! कारण तिथे कोर खरोखर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय महिना बदलत नाही. सौदीत मात्र कधी कधी अशा साक्षी स्वीकारल्या जातात की खगोलशास्त्रज्ञ कपाळाला आठ्या घालतात. सण आकाशात ठरतो हे खरं, पण आकाश कोणी पाहायचं आणि कोणाचं पाहणं मानायचं, हे जमिनीवरच ठरतं.

आता याहून मोठं आश्चर्य. चांद्रमहिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडा मोठा. असे बारा महिने म्हणजे 354 दिवस, फार तर 355. सौर वर्ष 365 दिवसांचं. फरक जवळजवळ अकरा दिवसांचा. हा फरक आपल्यालाही चुकलेला नाही, कारण आपले महिनेही चांद्रच. मग दिवाळी कधी मे महिन्यात का येत नाही? अधिक मासामुळे. आपलं पंचांग म्हणजे वाटेत थांबणारी एसटी आहे: दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी ती एका थांब्यावर महिनाभर उभी राहते, मागे राहिलेल्या सूर्याला आत घेते आणि मग पुढे निघते. इस्लामी हिजरी वर्ष कुठेच थांबत नाही.

नेहमीच तसं नव्हतं. इस्लामपूर्व अरबस्तानातही जास्तीचा महिना घालायची चाल होती. किनाना टोळीतल्या एका घराण्याकडे तो घोषित करण्याचा मान होता, आणि त्यातून कोणता महिना युद्धबंदीचा हेही ठरायचं. साहजिकच त्यात सत्ता होती, सोय होती, कुरघोडी होती. इसवी सन 632 मध्ये, हिजरी दहाव्या वर्षी, ती चाल कायमची बंद झाली. महिन्यांना ऋतूंची जुनी नावं तेवढी चिकटून राहिली. कडक उन्हावरून नाव मिळालेला रमजान आता खुशाल जानेवारीच्या थंडीत येतो.

याचा परिणाम काय होतो, पाहा. सण ऋतूंतून फिरत राहतो. साधारण तेहतीस वर्षांत तो सगळं वर्ष पालथं घालून मूळ जागी येतो. कैरोत जूनमधला रोजा सुमारे सोळा तासांचा, डिसेंबरमधला बाराच्या आसपास. ज्या माणसाने पहिला रोजा हिवाळ्यात धरला, तो चाळिशी ओलांडताना पुन्हा हिवाळ्याचे सोपे रोजे धरतो. मधल्या काळात त्याने भर उन्हाळ्यातले लांबलचक, घसा कोरडा करणारे दिवस काढलेले असतात. कोणत्याही पिढीच्या वाट्याला फक्त सोपे किंवा फक्त कठीण रोजे येत नाहीत. इतकी काटेकोर वाटणी माणसांनी बसून ठरवली असती, तर तंटेच झाले असते!

आणि अकरा दिवसांच्या या सरकण्यामुळे कधी कधी इंग्रजी वर्ष लबाडी करतं. 1997 साली रमजान दोनदा सुरू झाला: जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अगदी अखेरीस पुन्हा. 2000 साली रमजान ईद दोनदा आली. आता 2030 मध्ये पुन्हा तेच व्हायचं आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक रमजान सुरू होईल, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा. 1997 नंतर बरोबर तेहतीस वर्षांनी.

आता त्या दुकानदाराकडे नको, त्याच्या घरी चला. कोर दिसली, घोषणा झाली, रेडिओवर गायिका उम्म कुलसूमचं ईदच्या रात्रीचं गाणं लागलं. आज तारीख कोणती? शिकाऊ विद्यार्थी म्हणेल, रमजानचा शेवटचा दिवस. चूक. पुढच्या महिन्याची, शव्वालची, पहिली तारीख सुरू झालेली आहे, सूर्य मावळला तेव्हाच. हिजरी दिवस संध्याकाळी जन्मतो. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजी दिवस मध्यरात्री, कोणाच्याही नकळत. आणि हा सूर्यास्ताला. म्हणून सणाची रात्र सणाच्या आधी येते, नंतर नाही. कोणी तुम्हाला जुन्या पद्धतीने 'शुक्रवारच्या रात्री' जेवायला बोलावलं, तर तुमच्या हिशोबाने गुरुवारी रात्री पोहोचायला हवं. शुक्रवारी रात्री गेलात तर भांडी घासून झालेली असतील. हा एक मुद्दा कळला की अरबी गोष्टींतल्या, बातम्यांतल्या, आमंत्रणांतल्या निम्म्या तारखा जागेवर बसतात. खरं तर सणांच्या धड्याचं पहिलं वाक्य हेच असायला हवं.

चंद्राच्या तारखेचा आणखी एक फायदा आहे, जो विजेच्या दिव्यांनी आपल्याला विसरायला लावला. चांद्र तारीख सांगितली की रात्र किती उजळ असेल, तेही सांगून होतं. रमजानच्या मध्यावर, चौदाव्या-पंधराव्या रात्री, कुवेत, बहरीन आणि सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर मुलं नक्षीदार कपडे घालून, गळ्यात पिशव्या अडकवून दारोदार गाणी म्हणत जातात आणि सुका मेवा, गोळ्या गोळा करतात. याला म्हणतात करकीआन. कतारमध्ये हाच प्रकार गरंगाऊ होतो, ओमानमध्ये करनकशोह, इराकमध्ये माजीना. अमिरातीत तो महिनाभर आधी येतो, शाबानच्या मध्यावर, आणि त्याचं नाव हक्क अल-लैला. देश बदलला की नाव बदलतं, महिनाही बदलतो. पण रात्र मध्यावरचीच. का? वर पाहा: पौर्णिमा! मोती काढणाऱ्यांच्या आणि मासेमारांच्या त्या किनाऱ्यावर जेव्हा रस्त्यांवर दिवे नव्हते, तेव्हा लहान मुलांना रात्री एकटं बाहेर सोडायला याहून चांगली रात्र कोणती? कोजागरीला आणि होळीला घराबाहेर पडणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

करकीआनच्या वेळी कोणत्या घरात काय मिळालं, हे मुलं आपसात सांगतात तेव्हा जी अरबी कानावर पडते, ती पुस्तकातली नव्हे. शिकणाऱ्याने एकदा कुवेतच्या आणि एकदा बगदादच्या मुलांचे शब्द ऐकून तुलना करावी. बोलींचं अंतर असं दहा मिनिटांत कळतं.

आतापर्यंत जे सांगितलं ते इस्लामी सणांचं. इथेच थांबलात तर मात्र अर्धं अरब जग हातून निसटेल. अरब म्हणजे मुसलमान, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट आहे की लेबनॉनमध्ये पाश्चात्त्य आणि पौर्वात्य अशा दोन्ही परंपरांच्या गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी असते, हे ऐकून माणसं दचकतात. तिथेच आणि आजूबाजूच्या देशांत डिसेंबरमध्ये संत बार्बाराचा सण येतो. उकडलेले गहू, साखर, बडीशेप, डाळिंबाचे दाणे आणि मेवा घालून वाडगे भरतात, मुलं वेश बदलून हिंडतात. इजिप्तमध्ये 7 जानेवारीला कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती पंथाचा, नाताळ, आणि ती देशभर सुट्टी.

पण मला सगळ्यांत थक्क करतो तो इजिप्तचा शम्म अन-नसीम. वसंतातला एक सोमवार. सगळा देश, मुसलमान असो की ख्रिस्ती, घराबाहेर पडतो. नाईलच्या काठी, बागेत, रस्त्याच्या दुभाजकावरच्या हिरवळीवर, जिथे जागा मिळेल तिथे चटई. बरोबर रंगवलेली अंडी, कांद्याची हिरवी पात, भिजवलेले तुर्मुसचे दाणे आणि फसीख. फसीख म्हणजे मिठात आंबवलेला बोय मासा. त्याचा वास असा, की सुक्या बाजारातून मान वर करून जाणारा कोकणी माणूसही एकदा थबकेल. नीट मुरवला नाही तर जीवघेणी विषबाधा होऊ शकते, म्हणून इजिप्तचं आरोग्य खातं दर वर्षी लोकांना सावध करतं. लोक ऐकून घेतात आणि खातात. या सणाची मुळं थेट प्राचीन इजिप्तच्या सुगीपर्यंत नेली जातात. पिरॅमिडांच्या देवांना आज कोणी भजत नाही, पण वसंतात खारवलेला मासा घेऊन नदीकाठी जाणं कोणी सोडलेलं नाही.

मग हा सोमवार ठरतो कसा? कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. ईस्टरच्या आधी कॉप्टिक लोकांचा 55 दिवसांचा उपास, त्यात मासाही वर्ज्य; म्हणून मासळीचा सण उपासापलीकडे गेला. आणि ईस्टर कसा ठरतो? वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणजे पुन्हा चंद्रच! फक्त हा चंद्र वसंताला बांधलेला आहे, जसा आपला गुढीपाडवा. पौर्णिमाही आकाशात शोधायची नाही. ती कोष्टकातून काढायची, आणि त्या कोष्टकांचं माहेर प्राचीन अलेक्झांड्रिया, तेही इजिप्तच.

एकाच देशात, एकाच आकाशाखाली, दोन चंद्र. एक गणिताने बांधलेला, दुसरा डोळ्यांनी पाहिलेला आणि मोकाट. ते एकमेकांवर आदळतात का? आदळतात. 2021, 2022 आणि 2023 अशी सलग तीन वर्षं शम्म अन-नसीम रमजानमध्ये आला. वसंताची सहल आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही! रोजेदारांचा फसीख सूर्यास्तापर्यंत डब्यात राहिला. याआधी अशी सलग गाठ पडली होती 1989 ते 1991 या वर्षांत. मधलं अंतर बत्तीस वर्षांचं. तो अकरा दिवसांचा हिशोब पुन्हा इथे डोकावतो.

चुलीपाशी मात्र हे सगळे चंद्र एकत्र येतात. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईनमध्ये मामूल नावाची रव्याची भरलेली बिस्किटं करतात. लाकडी साच्यात दाबून उठवलेली नक्षी, वरून पिठीसाखर. आकारावरून सारण ओळखायचं: खजुराचं चपटं गोल, अक्रोडाचं घुमटासारखं, पिस्त्याचं लांबट. मुसलमान घरात ती ईदला होतात, ख्रिस्ती घरात ईस्टरला. साचा तोच, हात तेच, आणि ताटं शेजाऱ्यांकडे जातातच. शुभेच्छाही तशीच दोघांना चालते. कैरोत 'कुल्ल सना व इन्त तय्यिब' हे ईदला म्हणा, नाताळला म्हणा, वाढदिवसाला म्हणा, काही चुकत नाही. ज्याला एकच वाक्य पाठ करायचंय, त्याने हे करावं.

आता एक प्रश्न उरतो. सण फिरले तर चालतील, पण शेत फिरत नाही. गहू काही हिजरी महिना पाहून पिकत नाही. मग शेतसारा कोणत्या तारखेला घ्यायचा? इजिप्तचा शेतकरी यासाठी कॉप्टिक सौर महिने वापरत आला. आणि दख्खनमध्ये? इथे उत्तर आपल्याच कागदांत आहे, तेही अरबीत.

पेशवे दप्तरातलं कुठलंही मोडी पत्र घ्या. तारीख पुष्कळदा लिहिलेली असते चंद्राची: अमुक चंद्र रबिलावल, तमुक चंद्र जिल्हेज. शेंडी राखलेल्या कारकुनांनी शनिवारवाड्यात बसून हिजरी महिने लिहिले आहेत. वर्ष मात्र शुहूर सनाचं, मृग नक्षत्राला सुरू होणारं, म्हणजे पक्कं सौर. पेरणीला सुरू होणारं वर्ष, साऱ्याला सोयीचं. आणि त्या वर्षाचा आकडा चक्क अरबी शब्दांत, एकक आधी, मग दशक, मग शतक, मग हजार. पानिपतचं वर्ष पाहा: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार: 1161. अरबीच्या वर्गात आज आकडे शिकताना जो क्रम डोकं खातो, एकक आधी आणि दशक मागून, तो आपल्या पूर्वजांनी रोजच्या पत्रव्यवहारात बिनचूक वापरला.

आता खरा चमत्कार. शुहूर आणि हिजरी हे दोन्ही आकडे 1344 साली एकच होते: 745. तिथून शुहूर सूर्याबरोबर चालला, हिजरी चंद्राबरोबर. पानिपतच्या वेळी शुहूर 1161 होता, तर हिजरी 1174! चारशे सोळा सौर वर्षांत चंद्राने तेरा वर्षांची आघाडी घेतली. दर वर्षी फक्त अकरा दिवस, आणि बघता बघता तेरा वर्षं. हिजरी कालगणना कशी चालते याचा इतका सुटसुटीत पुरावा मराठी माणसाच्या घरातच पडून आहे, आणि आपण तो अरबीच्या वर्गात कधी आणत नाही.

म्हणून अरबी शिकवणाऱ्यांना एकच विनंती. सणांचा धडा वर्गात घेऊ नका. कालनिर्णयात अमावस्येनंतर 'चंद्रदर्शन' असं छापलेलं असतं, त्या संध्याकाळी विद्यार्थ्यांना गच्चीवर न्या, सूर्य मावळला त्या जागेच्या थोडं वर पाहायला सांगा, आणि कोर दिसली की विचारा: आज कोणत्या महिन्याची कितवी तारीख? उत्तर अरबीत द्यायचं. ज्याची ती नेमकी एका दिवसाने चुकेल, त्याला दिवस कुठे सुरू होतो ते तिथेच समजावून सांगा. पावसाळ्याचे महिने तेवढे टाळा; ढग असले की महिना तीस दिवसांचा धरायचा, हा नियम आपल्यालाही लागू आहे.